काळोखातल्या दोघी

निघोज्यात कुणालाही विचारा, मारुतरावांच्या घरची म्हातारी म्हणजे शालनबाई. आधार कार्डावर शालन, मतदार यादीत शालन, बँकेत शालन, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आलं तरी शालनताईंनाच. सगळं साफ खोटं! बाईचं नाव तानू. भावंडांत शेवटची, आईच्या कडेवरून उतरायलाच तयार नसलेली तान्ही, म्हणून तानू. गावाने शालन म्हणावं, आपण मात्र तानूबाईच म्हणायचं. कुणीतरी म्हणायला नको का?

नाव गेलं ते भांड्यांपायी. मारुतराव बिजवर. त्यांची पहिली बायको शालन बाळंतपणात गेली, बाळही तिच्याबरोबर गेलं. वर्षश्राद्ध उरकलं आणि सासूने दुसरी मुलगी बघायला घेतली. मावळातल्या तानूच्या घरी पाहुणे आले, पोहे झाले, आणि मारुतरावांनी खाली बघत एकच प्रश्न विचारला, "नाव काय?"

"तानू," ती म्हणाली.

तेवढंच बोलणं. लग्न झालं, वरात निघोज्यात आली, नवरानवरी उंबऱ्याशी उभी राहिली. नणंदांनी दार अडवलं. नाव घेतल्याशिवाय आत सोडायचं नाही, ही रीत कुठे चुकलीय? "नाव घे दादा, नाव घे," पोरी ओरडायला लागल्या. मारुतरावांनी तानूकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि आतून सासूचा आवाज आला.

"शालन म्हन रे! समद्या भांड्यांवर शालन घातलंय. हंडं, घागरी, ताटं, वाट्या. आता ती नावं कोन खोडीत बसनार? हीबी शालनच."

बायका हसल्या. भांड्यावरचं नाव म्हणजे ठोकून ठोकून घातलेलं, ते काही पुसायचं काम नाही, हे सगळ्यांना पटलं. माणसाचं नाव पुसायला काय लागतं! मारुतराव म्हणाले, "इंद्रायणीच्या पाण्यात पडलं चांदणं, शालनचं नाव घेतो, उजळलं आंगणं." हशा झाला, टाळ्या झाल्या, दार सुटलं. तानूने माप लवंडलं आणि ती आत गेली.

भांड्यांचं कारण चारचौघांत सांगायचं होतं. खरं कारण सासूने काही महिन्यांनी, दोघी चुलीपुढे बसलेल्या असताना, आवाज खाली घेऊन सांगितलं. "बाळंतपनात मेलेली बाई घर सोडत न्हाई बघ. दारात येती आन इचारती, माज्या घरात कोन हाय? शालनच हाय म्हनलं की माघारी जाती. म्हून तुला शालन केली. कुनीबी इचारलं तरी दुसरं नाव सांगू नगंस."

माहेरीही तसाच निरोप गेला. भाऊ बिचारे भित्रे, ते तिला नुसतं 'बाय' म्हणायला लागले. तेव्हापासून दिवेलागणीला दाराकडे बघायची तानूची हिंमत व्हायची नाही. गळ्यात मंगळसूत्राशेजारी सवतीचा टाक होता, सोन्याच्या पत्र्यावर उमटवलेली एवढीशी बाई. दुसरपणाच्या बायकोने तो घालायचाच. नवं लुगडं आलं की आधी त्या टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. सणाचा पहिला घास तिच्या नावाचा. म्हणजे नेसायची शालन, जेवायची शालन, आणि काम करायची तानू. असा न्याय!

हे सगळं तिने सोसलं असतं हो. बायका काय काय सोसतात. पण मुलाच्या, रोहिदासच्या, बाळंतपणातलं तिला सोसवलं नाही. कळा सुरू झाल्या आणि हटता हटेनात. ज्या खोलीत शालन गेली तीच खोली, तीच बाज. सुईण घाबरली, सासू दाराशी पुटपुटत बसली. आणि कळ अशी मस्तकात गेली की तानू किंचाळली, "शालन न्हाई मी! तानू हाय! तानू!"

झालं. "बोलाया लागली," सासू म्हणाली, "हिच्या अंगात दुसरंच कुनीतरी आलंय." देवऋषी आला. लिंबू आलं, अंगारा आला, मिरच्यांची धुरी झाली. बाळंतिणीच्या तोंडावर धूर! त्याने दरडावून विचारलं, "कोन हाईस तू?"

"तानू."

"तानू कोन? कुठनं आलीस?"

"म्हायेरासनं."

"जातीस का न्हाई? बोल. तानू जाती म्हन!"

दारात मारुतराव उभे होते. त्या घरात तिला आपणहून नाव विचारलेला तेवढा एकच माणूस. तानूने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती म्हणाली, "जाते. तानू जाते." थोड्याच वेळात रोहिदास जन्माला आला, आणि देवऋषीचा भाव पंचक्रोशीत वाढला.

पुढे संसार झाला आणि वाईट झाला नाही. मारुतरावांनी कधी हात उगारला नाही, चाकणच्या बाजारातून येताना न चुकता तिच्यासाठी काहीतरी आणलं. हाक मारायची तर 'अगं', फार तर 'रोहिदासची आई'. नवराबायकोने नाव घ्यायचं नाही, हीसुद्धा रीतच, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती. कांदे लावले, काढले, गाईंच्या धारा काढल्या. मग कंपन्या आल्या. वावरात पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, जुनं घर पाडून रोहिदासने तीन मजली बंगला बांधला, वरच्या खोल्या लातूर-नांदेडकडच्या कामगारांना भाड्याने दिल्या. सासू गेली, देवऋषी गेला. शालनच्या नावाची भांडी तेवढी माळ्यावर तशीच राहिली. आणि ज्या खोलीत शालन गेली, तिथे आता पार्किंग आलं. तानूबाई तिथून जाताना अजूनही पदर सावरते.

गेल्या दोन वर्षांत मारुतरावांचं डोकं विझत चाललं. आधी चष्मा विसरले, मग वार विसरले, मग एके दिवशी अंगणात उभे राहून "माझं वावर कुठं गेलं?" म्हणून रडले. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच उतरत जाणार, नवं आधी जाईल, जुनं शेवटी. आणि तसंच झालं. कंपन्या गेल्या, बंगला गेला, रोहिदाससुद्धा मधूनमधून जायला लागला. एके सकाळी तानूबाई चहा घेऊन गेली तर मारुतराव मोठ्या अदबीने म्हणाले, "तुमी कोन बाई? आमच्या शालनला बोलवा की जरा."

कप तसाच हातात धरून ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून रडली. सगळा जन्म जिचं नाव घेऊन काढला, तीच शेवटी नवरा घेऊन चालली! तानूबाईला आता दुसरं काही नको होतं. हा माणूस पुरता विझायच्या आत त्याने एकदा, एकदाच, तिला तानू म्हणावं. तिला माहीत होतं की तो विसरला असणार. तरी मनाची आस काही केल्या सुटेना.

अशात ते चित्र घरात आलं.

रोहिदासच्या गाड्या कंपन्यांना शिफ्टसाठी लागलेल्या. एका कंपनीतले युरोपातले साहेब मुदत संपून मायदेशी निघाले आणि घरातलं सामान त्यांनी ओळखीच्या लोकांत वाटून टाकलं. कुणाला गादी मिळाली, कुणाला मायक्रोवेव्ह. रोहिदास टीव्हीवर डोळा ठेवून होता, त्याच्या पदरात हे पडलं. काळी चौकट, काळं चित्र, वर काच तडकलेली. "द्यायचं तर रंगीत तरी द्यायचं," तो म्हणाला. पण साहेबाने प्रेमाने दिलेली वस्तू, टाकवेना. चिखलीला गाडीचं काम होतं, तिथल्या फ्रेमवाल्याकडे काच बदलायला दिलं. फ्रेमवाल्याने चित्राकडे बघून गंभीर चेहरा केला आणि विचारलं, "कधी वारल्या? खाली नाव-तारीख टाकू का?"

रोहिदासने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा सून पूनम पोट धरून हसली. तानूबाई हसली नाही.

चित्रात एक खोली होती. एकच मेणबत्ती. तिच्या उजेडात डोक्यावरून पांढरं फडकं घेतलेली एक बाई बसलेली, मांडीवर बाळ. बाळाच्या तोंडाशी तिने चमचा धरलेला, आणि ती आपली त्याच्याकडे बघतेय. बाजूला पाळणा, खाली एक परडी. बाकी सगळा अंधार. अंधारही असा की मखमलीसारखा, बोट लावलं तर आत जाईल.

तानूबाईची नात मिनल पुण्यात चित्रकला शिकते. शनिवारी घरी आली आणि चित्र बघून चप्पल काढायची विसरली. "आज्जी, हे मेझोटिंट आहे! आणि फार जुनं दिसतंय. तीनशे वर्षांपूर्वीचंही असेल. नक्की माझ्या सरांना विचारायला पाहिजे."

"म्हंजी फोटू न्हाई?"

"नाही गं. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं. एक दातेरी हत्यार असतं, ते पत्र्यावर डोलवत डोलवत सगळा पत्रा खरबरीत करायचा. त्याला शाई लावून छापलं तर नुसता मिट्ट काळोख येतो. मग जिथे उजेड पाहिजे, तिथे तेवढंच खरवडायचं, घासून गुळगुळीत करायचं. जितकं घासशील तितका उजेड."

तानूबाईने जरा विचार केला. "म्हंजी आधी समदा अंधारच. आन मानसं त्यातनं काढायची."

"हां, तसंच."

"आन ज्याला काढलंच न्हाई, ते आतच ऱ्हातं?"

मिनल हसली. "काय आज्जी तू पण!" पण तानूबाई काही गमतीने विचारत नव्हती.

चित्र बैठकीच्या खोलीत लावलं, मारुतरावांच्या खुर्चीसमोर. दुपारी त्यांचं लक्ष तिकडे गेलं. हातातली भाकरी हातातच राहिली. किती वेळ बघत बसले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की तसं घरात दोन वर्षांत कुणी बघितलं नव्हतं. "शालन बसलीया," ते म्हणाले. "पोरगं दूध प्याया लागलं व्हय?"

त्या दिवसापासून ते चित्र आणि मारुतराव. सकाळी उठून खुर्चीत बसायचे ते तिच्याशी बोलतच. पाऊस झाला का, बैल दमलाय का, आई रागावली का. शालनला पोरगं झालेलं होतं, वाचलेलं होतं, त्यांच्या जगात सगळं नीट झालं होतं. बाकीच्यांना बरं वाटलं, म्हातारा शांत झाला. पूनम म्हणाली, "आई, औषधापेक्षा भारी निघालं की हे!" तानूबाई काय बोलणार? मेलेल्या बाईवर जळायचं म्हणजे लोक शेण घालतील तोंडात. पण जळत होती. तिच्या मनाला इंगळ्या डसत होत्या.

आणि मग एका संध्याकाळी तिने ते बघितलं. सूर्य कंपन्यांच्या शेडमागे उतरत होता, पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन भिंतीवर आलेलं. तानूबाई देवापुढे दिवा लावायला निघाली होती. वाटेत चित्राच्या कडेला आली, सहज मान वळवली आणि जागीच थिजली. बसलेल्या बाईच्या मागे, जिथे समोरून नुसता काळोख दिसायचा, तिथे दार होतं. आणि दारात एक बाई उभी होती. एक हात चौकटीवर. तोंड अर्धवट. आत बघत होती.

हातातली काडेपेटी खाली पडली. तानूबाई पुढे सरकली, समोर उभी राहिली, बाई नाहीशी. परत कडेला गेली, बाई हजर. चुलीपुढे सासूने सांगितलेलं एकेक अक्षर आठवलं. दारात येती आन इचारती. इतकी वर्षं जिच्यासाठी कान उघडे ठेवून निजली, ती ही. आता आली ती एकटी जायला आलेली नाही.

"रोहिदास, ते चित्र काढ तिथनं," तिने त्याच संध्याकाळी सांगितलं.

"का गं? आबांना आवडतंय की."

"मी सांगती म्हून काढ!"

आईचा आवाज एवढा चढलेला रोहिदासने कधी ऐकला नव्हता. त्याने गुपचूप चित्र काढून कपाटामागे ठेवलं. दुसऱ्या दिवशी मारुतराव रिकाम्या भिंतीकडे बघत बसले. चहा घेतला नाही. जेवले नाहीत. "शालन गेली," एवढंच म्हणत राहिले, "पोराला घिऊन गेली," आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. एकदा मेलेल्या बायकोसाठी माणूस पुन्हा पहिल्यापासून रडत होता. तानूबाईने ते दिवसभर बघितलं, आणि संध्याकाळी तिनेच कपाटामागून चित्र ओढून काढलं, पदराने काच पुसली आणि रोहिदासला म्हणाली, "लाव बाबा परत."

मिनलला तिने एकदा चित्राच्या कडेला उभं केलं. "तुला कोन दिसतंय का?"

मिनलने डोळे बारीक केले. "अय्या! हो की! दारात कुणीतरी आहे. काढणाऱ्याने तिला अगदी थोडंसं खरवडलंय बघ, म्हणून समोरून दिसत नाही. कोण असेल? मोलकरीण? की बहीण?"

"कुनास ठाव," तानूबाई म्हणाली. मिनललाही दिसते म्हटल्यावर तिची भीती कमी व्हायला हवी होती. उलट वाढली. भुताबद्दल निदान शंका तरी घेता येते, ही तर खरोखरच तिथे होती.

पितृपंधरवडा आला. त्यातली अविधवा नवमी म्हणजे नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्णींचा दिवस. तानूबाईने लग्नापासून एकही नवमी चुकवली नव्हती. शालनचं पान मांडायचं, एक सवाष्ण जेवायला घालायची, तिची खणानारळाने ओटी भरायची. शालनचा फोटो मात्र घरात नव्हता, कधी काढलाच नव्हता, त्यामुळे पानापुढे नुसता नारळ ठेवत. या वर्षी तानूबाई मिनलला म्हणाली, "ते चित्र खाली घे. पाटावर ठिव."

"चित्र? आज्जी, ती कुठली कोण परदेशातली बाई..."

"ठिव म्हनते ना."

मिनलने पाट मांडला, चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. पूनमने रांगोळी घातली. शेजारच्या सुमनताई सवाष्ण म्हणून आल्या होत्या, त्यांनी चष्मा लावून चित्र न्याहाळलं आणि विचारलं, "ह्या कोण हो? पुण्याकडच्या का?" पूनमने हसू दाबायला पदर तोंडात कोंबला.

तानूबाईने झेंडूचा हार चौकटीला घातला. मग कुंकवात बोट बुडवलं. बसलेल्या बाईकडे तिने बघितलंही नाही. समोरून तिथे काळोखच होता, पण तिला जागा पाठ झाली होती. दारातल्या बाईच्या कपाळावर, काचेवर, तिने कुंकू टेकवलं आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "बाई, तुला मी काय कमी केलं? तुजं नाव लावलं. तुज्या आधी लुगडं नेसले न्हाई. आता ह्यांना न्यायला आलीस ते कळतंय मला. ने. पर एकदा ह्यांना मला नावानं हाक मारू दे. मग ने."

डोळे पुसून ती नैवेद्याचं ताट आणायला स्वयंपाकघरात गेली. इकडे रोहिदासने मारुतरावांना धरून चित्राच्या कडेकडेने आणलं, येताना त्यांची नजर त्या काळोखातल्या दारावर होती, आणि पाटासमोर खुर्चीत बसवलं. म्हाताऱ्याने हार बघितला. मग कुंकू बघितलं. भुवया आक्रसल्या.

"हिला कुकू कुनी लावलं?"

"आज्जीने लावलं, आबा," मिनल म्हणाली. "अविधवा नवमी आहे ना आज."

"आगं, डोकं ठिकान्यावर हाय का तुमचं? जित्त्या मानसाच्या फोटूला कुकू लावत्यात व्हय? हार घालत्यात? पूस! पूस आधी ते!" मारुतराव खुर्चीतून अर्धे उठले होते.

मिनल घाबरून रुमालाने काच पुसायला लागली. "आबा, मग कुणाला लावायचं?"

"ही काय, बसल्याली. शालन. ही गेली. पोराला घिऊन गेली बिचारी." त्यांचा आवाज एकदम खाली आला. ही गेली, हे त्यांना आज ठाऊक होतं. "दारातली न्हवं. दारातली तानू हाय."

स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन आलेली तानूबाई तिथेच थांबली.

"तानू कोण?" रोहिदासने विचारलं. पोटच्या पोराला आईचं नाव माहीत नव्हतं!

"माजी बायकू," मारुतराव म्हणाले, आणि त्याच्याकडे असं बघितलं की एवढंही कळत नाही का तुला. मग परत चित्राकडे वळले. पाठीमागे स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन कोण उभं आहे ते त्यांना दिसत नव्हतं, ते चित्रातल्या काळोखाशीच बोलत होते. "किती वखत उभी हाय बघ ती. पाय दुखलं आसतील. पोरींनी दार आडवलंय. नाव घेतल्याबिगर आत सोडायच्या न्हाईत, आन म्या तिचं नाव घेतलंच न्हाई. आई वरडली आन म्या दुसरंच घेतलं. त्या बाळंतपनातबी ती माज्याकडं बगत हुती. म्या बोललो न्हाई. म्या भ्यालो."

सुमनताईंनी चष्मा काढून हातात धरला. मारुतरावांनी घसा खाकरला, खुर्चीत ताठ बसले, आणि नवरदेवाने म्हणावं तसं मोठ्याने म्हणाले, "इंद्रायणीच्या पाण्यात पडलं चांदणं..."

थांबले. ओठ हलत राहिले.

"तानूचं नाव घेतो..."

पुढचं येईना. हाताने हवेत चाचपडले, मिनलकडे बघितलं, रोहिदासकडे बघितलं, डोळे भरून आले. "पुढं काय रं? पुढं काय हुतं?"

तानूबाईने ताट घट्ट धरलं.

"उजळलं आंगणं," ती दारातून म्हणाली.

मारुतरावांनी मान वळवली. तिच्याकडे बघितलं, नीट, वरपासून खालपर्यंत, उंबऱ्यावरच्या पावलांपर्यंत. तुमी कोन बाई, असं त्यांनी विचारलं नाही. "मग उभी का आगं? ये की आत," ते म्हणाले.

तानूबाईने उजवं पाऊल आधी टाकलं आणि आत आली. ताट खाली ठेवून पाटाशेजारची कुंकवाची कुयरी घेतली, बसलेल्या बाईच्या कपाळावर बोट टेकवलं, बाळाच्या तोंडावरून काचेवरूनच हात फिरवला. पोरगी, असा विचार तिच्या मनात पहिल्यांदाच आला, वीसही वर्षांची नसेल ही. मग तिने काळ्या चौकटीवरचा हार नीट केला.

"वाढ आता," मारुतराव म्हणाले. "भूक लागलीया."

तिने आधी शालनचं पान वाढलं, मग त्यांचं.